काचेतल्या बाईचे मालक

बारामतीत आबासाहेबांच्या कापडदुकानाला मोठी काच बसली ती १९९५ साली, दिवाळी उलटल्यावर. आबासाहेब पुण्याला लक्ष्मी रोडवर जाऊन आले होते आणि माल कपाटात ठेवायचा नसतो, रस्त्याला दाखवायचा असतो, हे तिथून शिकून आले होते. लगोलग सुतार आला, काच आली आणि मुंबईहून टेम्पोनं दोन पुतळे आले. एक बाई, एक बाप्या. बाईचा उजवा हात वर होता, एसटीला हात करावा तसा. बाप्याची हनुवटी वर होती, पंचायत समितीचा उमेदवार फोटो काढताना धरतो तशी.

काचेची जबाबदारी झुंबर मारकडवर आली, कारण त्या वेळी तो रिकामा उभा दिसला.

झुंबर वरकुट्याचा. आजोबांनी मेंढरं राखली, वडील गेणबांनी मेंढरं विकून शेती धरली आणि झुंबरनं कापड धरलं. पण दुकानात लागल्यापासून त्याचा मुक्काम तळघरात होता. वरून हाक आली की गठ्ठा सोडायचा, गिऱ्हाईक गेलं की परत बांधायचा. तळघरात दिवसाही दिवा लागे आणि कापडाच्या खळीनं शिंका येत. काचेत मात्र ऊन होतं, येणारं-जाणारं माणूस होतं. वरकुट्यात त्यानं जाहीर करून टाकलं, ‘‘मी आता डिस्प्लेला हाय.’’ गावानं त्याचं ‘डिसपेल’ केलं. पोरगं काय करतंय असं कुणी गेणबांना विचारलं, की ते ‘‘बाईला लुगडं नेसवतंय’’ म्हणत आणि पावसापाण्याचं बोलू लागत.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. सकाळी काच आतून-बाहेरून पुसायची. पालीनं पदरावर काही केलंय का ते बघायचं. साडी मागच्या बाजूनं टाचण्यांनी गोळा केलेली असे. एक टाचणी निसटली की निऱ्या भर रस्त्यासमोर उकलू लागत. दुपारनंतर ऊन तिरकं आत येई आणि साडीचा एका अंगाचा रंग उडे, म्हणून बाईला रोज थोडं फिरवावं लागे. बाजारच्या दिवशी एखादा बोकड काचेत स्वतःला बघून बिथरे आणि धडक द्यायला मागं सरे. इथं घराण्याची विद्या कामी येई. झुंबर ओठांनी एक आवाज काढी आणि बोकड मुकाट रस्त्याला लागे.

बाप्याला पहिल्यांदा सफारी चढवला, तेव्हा तो कॉलेजात नापास होऊन परत आलेल्या पोरासारखा दिसू लागला. झुंबरनं ब्रश घेऊन त्याला मिशी काढली. मग तो साखर कारखान्याचा सभासद दिसू लागला.

साडी नेसवायला झुंबर बायकोकडून शिकला. सुट्टीला घरी गेला की मुक्ताला उभी करून निऱ्या कशा धरतेस, पदर कुठून घेतेस, असं बारकाईनं विचारी. मुक्ता म्हणे, ‘‘लगीन झाल्यापासनं आज पयल्यांदा माज्याकडं नीट बघितलं, आन् ते बी दुसरीसाठी.’’

उन्हाळ्याची लग्नसराई तोंडावर आली. आबासाहेबांनी काचेत भारीतला लाल शालू लावला. आठवडा गेला, दुसरा गेला. बायका काचेपर्यंत येत, थांबत आणि पुढच्या दुकानात जात.

‘‘झुंबऱ्या, अक्षय तृतीयेपातूर शालू हलला न्हाय तर तू परत तळघरात,’’ आबासाहेब म्हणाले.

झुंबर बाहेर गेला आणि गिऱ्हाइकासारखा फुटपाथवर उभा राहिला. थोड्या वेळानं कोऱ्हाळे बुद्रुकच्या कुशाबाई आल्या. उसाचं घर, खणखणीत आवाज. त्यांनी काचेला नाक लावलं आणि मागं सरकल्या.

‘‘अगं बया! लग्नाचा शालू आन् कपाळ मोकळं? गळा मोकळा, हात मोकळं! असला शालू पोरीबाळीला घेत्यात व्हय?’’

झुंबरच्या डोक्यात उजेड पडला. त्याच संध्याकाळी बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आलं, गळ्यात काळी पोत आली. बांगड्या पंजावरून जाईनात, तेव्हा झुंबरनं मनगट पिळून अख्खा पंजाच काढून हातात घेतला आणि बाहेर उभ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. हिरवा चुडा भरला, पंजा परत बसवला. चार दिवसांत शालू गेला. नेला कुशाबाईंनीच, भाचीसाठी. आबासाहेबांनी तसले आणखी मागवले. तळघराचं नाव निघेनासं झालं.

पण एक गोष्ट झुंबरच्या ध्यानात आली नाही. कुंकू लावल्यापासून ती पुतळी राहिली नव्हती, सवाष्ण झाली होती. आणि सवाष्ण म्हटलं की शेजारी सफारी घालून उभा आहे तो कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्या उन्हाळ्यानंतरच्या दिवाळीत आबासाहेबांनी इंदापूरला दुसरं दुकान काढलं. उद्घाटनाला नवी काच रिकामी नको म्हणून त्यांनी बाप्याला टेम्पोत आडवा घातला आणि घेऊन गेले. तिकडचं दुकान सांभाळायला सिद्धू नावाचा सेल्समन दिला. बारामतीच्या काचेत बाई एकटीच हात वर करून राहिली. झुंबरला पाडव्यालाही सुट्टी मिळाली नाही. मुक्तानं ओवाळायचं ताट तयार ठेवलं असणार, हे त्याला कळत होतं, पण दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

त्या गर्दीत कुशाबाई आल्या. तुळशीचं लग्न लागलं की लेकीचा, सुकन्याचा, लग्नाचा बस्ता इथंच बांधायचा, अख्ख्या घराचं कापड एकदमच घ्यायचं, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. काचेकडं बघत त्यांनी विचारलं, ‘‘काय रं झुंबर, मालक कुठं गेलं?’’

दुकानात ‘मालक’ म्हणजे आबासाहेब. झुंबर घडी घालता घालता म्हणाला, ‘‘इंदापूरला गेल्यात, मावशी.’’

‘‘आज पाडव्याचं?’’

‘‘आता बहुतेक तितंच ऱ्हात्याल. तितं नवं काढलंय ना.’’

‘‘आन् हितलं कोण बघणार?’’

‘‘हितलं मी हाय की!’’ झुंबर अभिमानानं म्हणाला.

कुशाबाईंनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या तरातरा पायऱ्या उतरल्या. घाईत असतील, असं झुंबरला वाटलं.

कुशाबाईंचं माहेर इंदापूर. भाऊबीजेला त्या गेल्या, नव्या दुकानावरून चालल्या होत्या आणि जागच्या जागी थांबल्या. काचेत तोच सफारी, तीच मिशी. आणि शेजारी पंजाबी ड्रेस घातलेली, केस मोकळे सोडलेली दुसरीच. सिद्धूनं ती उद्घाटनासाठी नवी मागवली होती.

दोन दिवसांनी कुशाबाई बारामतीच्या दुकानात आबासाहेबांसमोर उभ्या होत्या.

‘‘आबासाहेब, बस्ता आमी दुसरीकडं बांधतो. जितं बायको टाकून दुसरी केली, त्या दुकानातलं कापड माज्या सुकन्याच्या अंगाला नको.’’

आबासाहेबांचा चहा कपातच राहिला. ‘‘कुणी टाकली बायको? ताई, माजी बायको घरी हाय!’’

‘‘तुमची न्हाय ओ. तिची,’’ कुशाबाईंनी काचेकडं बोट केलं. ‘‘आन् ह्यो झुंबर मला सांगतोय, हितलं मी बघतो म्हणून!’’

दुकानातला नोकर ना नोकर गठ्ठ्यांआड तोंड लपवून हसू लागला. पाडव्याचं आपलं बोलणं शब्दाशब्दानं आठवलं, तसे झुंबरचे कान तापले. आबासाहेबांना हसू आलं नाही. बस्ता म्हणजे एका दिवसात दोन महिन्यांचा धंदा.

‘‘कुंकू तू लावलंस,’’ ते दातांवर दात ठेवून म्हणाले, ‘‘आता तूच निस्तर. न्हायतर जिना तुला ठाऊक हाय.’’

तळघराचा जिना झुंबरच्या डोळ्यांसमोर आला आणि तोंडातून आपोआप शब्द निघाले, ‘‘मावशी, ती दुसरी न्हाय. ती भण हाय त्याची. भाऊबीजेला गेलाय तो.’’

कुशाबाई थबकल्या. ‘‘भण? मग तिच्या हातात वोवाळायचं ताट कुठं हुतं?’’

‘‘निरांजन लावलं असतं तर दुकान पेटलं असतं की, मावशी.’’

‘‘ते बी खरं,’’ कुशाबाई जरा निवळल्या. ‘‘पर भाऊबीज झाली न्हवं आता? घरी कधी यायचा?’’

‘‘तुळशीच्या लग्नाआधी.’’

‘‘आला तर बस्ता हितं. न्हाय आला तर न्हाय.’’

आबासाहेबांनी मुंबईला फोन लावून नवा बाप्या मागवला. तो आला तेव्हा सगळ्यांनी बघितलं, एकाच साच्यातला. तेच नाक, तीच हनुवटी. आबासाहेब खूश झाले. ‘‘मिशी काढ, सफारी घाल, उभा कर. सुटला कुटाणा!’’

झुंबरनं ब्रश रंगात बुडवला. नव्याच्या ओठापाशी नेला. बाईकडं एकदा बघितलं आणि ब्रश खाली ठेवला.

‘‘आबासाहेब, ह्यो न्हाय तो.’’

‘‘अरं, एकाच साच्यातलं हायत!’’

‘‘व्हय. पर बाईला कळंल.’’

‘‘कुठल्या बाईला? कुशाबाईला?’’

झुंबरनं काचेतल्या बाईचा पदर सारखा केला. दुसऱ्या दिवशी त्यानं नवा बाप्या खांद्यावर मारला आणि इंदापूरची एसटी धरली. सिद्धूनं दोन्ही बाप्ये शेजारी शेजारी उभे करून बघितले आणि म्हणाला, ‘‘झुंबर, डॉक्टरला दाखव तरी. काचेत उभं राहून तुला ऊन लागलंय.’’ झुंबरनं नवा त्याच्याजवळ ठेवला. मिशीवाला उचलला आणि परतीची गाडी पकडली.

‘‘ह्येचं तिकीट?’’ कंडक्टरनं विचारलं.

‘‘ह्यो पुतळा हाय, सायेब.’’

‘‘शीट धरून बसलाय का न्हाय? मग फुल.’’

‘‘बसलाय कुठं? वाकतच न्हाय. आडवा टाकलाय.’’

‘‘मग लगेज,’’ कंडक्टरनं तिकीट फाडलं, ‘‘आन् पाय आत घ्यायला सांग त्याला.’’

बारामतीच्या स्टँडवर झुंबर बाप्याला कडेला धरून उतरला तेव्हा बाजारचा दिवस होता. कोऱ्हाळ्याच्या गाडीची वाट बघत कुशाबाई पिशव्यांवर बसल्या होत्या. त्या उठल्या, जवळ आल्या आणि मिशी निरखली. एका टोकाला रंगाचा ओघळ होता, पहिल्या दिवशी ब्रश घसरला होता तिथला. त्यांनी मान हलवली.

‘‘आलं म्हणायचं मालक. मोकळ्या हातानं?’’

कुशाबाईंनी बाजारातून स्वतःसाठी घेतलेली अबोलीची वेणी पिशवीतून काढली आणि बाप्याच्या बोटांत अडकवली. ‘‘दे म्हणावं तिला. बायकोकडं असं येत्यात व्हय?’’

तुळशीचं लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी कोऱ्हाळ्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं आली आणि बस्ता सकाळी सुरू झाला तो दिवेलागणीला बांधून झाला. शालू पसंत करताना कुशाबाई दर खेपेला काचेतल्या जोडप्याकडं बघून येत होत्या. आबासाहेबांनी झुंबरला दोन दिवसांची सुट्टी दिली आणि तळघरातला गठ्ठा सोडायला कायमचा दुसरा माणूस नेमला.

झुंबर पाडव्यापासून पहिल्यांदाच वरकुट्याला निघाला. ही गोष्ट त्याच्या आधी गावात पोचली होती. गेणबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. त्याला बघून त्यांनी मान दुसरीकडं वळवली, पण खांदे हसत होते. मुक्ता दारात उभी होती. पाडव्याचं ताट तिनं कधीच आवरून ठेवलं होतं.

‘‘आलं का मालक?’’ ती म्हणाली. ‘‘तुमी कुठल्या भणीकडं हुता?’’

झुंबरला बहीण नव्हती, आणि हे मुक्ताला पक्कं ठाऊक होतं.