उतरवून घेतलेली कविता

माझी वहिनी इंग्रजीत कविता लिहायची. हे ऐकून लोकांना कौतुक वाटतं. मला मात्र तेव्हा संशय आला होता, आणि तो यायलाच हवा होता असं माझं आजही म्हणणं आहे. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दादाला, इंग्रजी येतं ते स्पेअर पार्टच्या डब्यावर छापलेलं असतं तेवढंच. नणंद, म्हणजे मी, सातवीतून शाळा सोडून शिलाई मशीनवर बसलेली. अशा घरात बाई इंग्रजीत लिहिते, ती कुणापासून लपवायला?

वहिनी हॉस्पिटलात टायपिस्ट होती. डॉक्टर कॅसेटमध्ये बोलून ठेवायचे आणि ही कानाला हेडफोन लावून त्यांचे रिपोर्ट टाइप करायची. बोलायला गरीब गाय. संध्याकाळी कामं आवरली की वाया गेलेल्या रिपोर्टांच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी खरडायची, आणि मी जवळून गेले की त्यावर हात ठेवायची. हाताखाली काय आहे ते दिसायचं नाही, पण हात तर दिसायचा ना.

त्यात माझं स्वतःचंच बस्तान डळमळीत. सासर सोडून भावाकडे येऊन मला दोन वर्षं झाली होती. का आले ते कुणाला सांगितलं नव्हतं. "पटलं नाही," एवढंच म्हणाले होते. मग माझ्या नवऱ्याचे निरोप यायला लागले, हिला परत पाठवा म्हणून. दादा विरघळला. "रविवारी तो येतोय. तुझं काहीतरी एकदाचं ठरवायला हवं," असं तो जेवताना म्हणाला, तेही ताटाकडे बघून. वहिनी गप्प. दादाचे कान कुणी फुंकले, ते मला कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी तिचं कपाट उघडलं. कपड्यांच्या घडीखाली कागद सापडला. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला त्यातले तीनच शब्द लागले : घर, भाऊ, नवरा. माझं डोकंच फिरलं. कागद उचलला असता तर तिला समजलं असतं. म्हणून भरतकामाची नक्षी उतरवून घेतात तसा मी त्यावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलीने सगळं गिरवून काढलं. अक्षर न् अक्षर, खाडाखोडीसकट. इतकं सुबक काम मी गिऱ्हाइकाचंही कधी केलं नसेल.

तो कागद घेऊन मी कोपऱ्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंकडे गेले. त्या मुलांना इंग्रजी शिकवायच्या आणि कपडे माझ्याकडे शिवायला द्यायच्या.

"बाई, एका गिऱ्हाइकाचं आहे हे," मी थाप मारली. "काय लिहिलंय तेवढं सांगा."

बाईंनी चष्मा लावला. "अगं, कविता आहे ही," त्या म्हणाल्या आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागल्या. "एक बाई भावाच्या घरी परत आलीय. सगळ्या गल्लीचे कपडे शिवते. स्वतःचे मात्र गळ्यापर्यंत बंद, भर उन्हाळ्यातसुद्धा. सगळ्यांची मापं घेते, स्वतःचं कुणाला घेऊ देत नाही. तिच्या पाठीवर तीन डाग आहेत, इस्त्रीच्या टोकाचे. नवऱ्याने..."

बाई थांबल्या. त्यांची नजर माझ्या गळ्याच्या बटणावर आली. मग त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पाणी देऊ का गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं जे मी कुणाला कळू दिलं नव्हतं, ते माझ्याच हाताने गिरवून परक्या घरी पोचवलं होतं.

संध्याकाळी वहिनी घरी आली. चप्पल काढायच्या आत मी तिला धरलं. "तुला कसं कळलं?"

तिने माझ्या हातातला कागद बघितला. नाकबूल केलं नाही. "तुम्हाला ताप भरला होता ना मागच्या वर्षी. शुद्ध नव्हती. कपडे मीच बदलले, वन्सं."

"वर्षभर गप्प बसलीस? आणि वर इंग्रजीत लिहून ठेवलंस?"

"मराठीत लिहिलं असतं तर यांनी वाचलं असतं. तुम्हीच सांगितलं नव्हतंत, मग मी कशी सांगणार? आणि मराठीत मला ते लिहवतही नव्हतं. डॉक्टर इंग्रजीत दिवसभर हेच बोलत असतात. जखम, डाग, भाजलेली कातडी. ते मी न थांबता टाइप करते."

"मला विचारलं होतंस का? पाठ माझी आहे."

मला तिचा राग आला होता, आणि रागाच्या खाली बरंही वाटत होतं, याचा आणखी राग आला. कुणाला तरी ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं.

"बस," मी म्हणाले. "हे मराठीत लिही. रविवारच्या आत दादाला वाचून दाखवायचंय."

"मला नाही जमणार."

"भाजीवाल्याशी भांडायला बरं जमतं मराठीत. मी सांगते, तू लिही."

ती लिहीत गेली आणि मी तिच्या मागे उभी राहून शब्द न् शब्द तपासला. माझा विश्वास नव्हता. डागांपाशी आल्यावर मी तिला थांबवलं. "तीन नाहीत, चार आहेत. एक तुला दिसला नसणार." तो कुठे आहे ते मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. मी ते उचलून पुन्हा तिच्या हातात दिलं.

दादा आल्यावर तिने त्याच्यासमोर बसून ते वाचलं. चौथ्या डागाच्या ओळीला तिने कागद माझ्या हातात दिला, म्हणून उरलेलं मी वाचलं. दादाने विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुमच्या बहिणीने," ती म्हणाली.

तिने ते मला दिलं की स्वतःच्या अंगावरचं झटकलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण दादाने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी नाही म्हणाले नाही.