हिरव्या रंगाचं औषध

पाच इंद्रियं ही आत्म्याची पाच दारं आहेत, असं माझा थोरला भाऊ गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांना दार एकच होतं, आणि बहात्तरच्या दुष्काळात त्यातून धुळीखेरीज फारसं काही आत आलं नाही.

दादा कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. युरोपातल्या प्रबोधनकाळावर त्याला प्रबंध लिहायचा होता, त्यामुळे तेव्हाचे इटालियन पंडित आमच्याकडे पाहुण्यांसारखे मुक्कामाला असत. त्याच वर्षी वहिनीचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. तेव्हापासून ती भिंतीला टेकून, गालाला हात लावून बसायची. बोलायची नाही. भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवायची. तिचं ताट उचलायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा बी.ए.ला होते.

"शनी हाय तिच्यामागं," आई म्हणाली. "शनवारी मारुतीला तेल वाहा."

दादा हसला, अंधश्रद्धेवर थोडं बोलला आणि मग त्यानं पुस्तक काढलं. शनीच्या अमलाखालचा जीव आतून सुकत जातो, असं त्या पंडितांचं मत होतं. चित्रकारही अशी माणसं गालाला हात लावूनच रंगवत. औषध इंद्रियांतून द्यायचं: कानाला तंतुवाद्य, नाकाला गुलाब, डोळ्यांना हिरवा रंग.

"मंग माझा शनी अडाणी अन् तुझा शिकलेला, व्हय रे?" आईनं विचारलं.

रेडिओवर सतार लागली की दादा आवाज वाढवू लागला. गुलाबाचं अत्तर त्यानं वहिनीच्या मनगटाला लावलं. तिनं हात मागे घेतला नाही, एवढंच. हिरवा रंग त्या वर्षी झाडांवर नव्हता, म्हणून तो बाजारातून हिरवीगार साडी घेऊन आला आणि रंग डोळ्यांत भरावा म्हणून घडी मोडून त्यानं ती खाटेवर पसरली.

आईच्या हातातलं सूप थांबलं. आमच्यात सातव्या महिन्यात बाईला हिरवी साडी नेसवतात, हिरवा चुडा भरतात, पाटावर बसवून ओटी भरतात. वहिनीचं ते सगळं श्रावणात झालं होतं. बायकांचा कार्यक्रम, दादा तेव्हा ग्रंथालयात होता.

वहिनी साडीकडे बघत राहिली. मग कित्येक आठवड्यांनी तिचा आवाज ऐकू आला.

"पुन्हा बसवता काय मला पाटावर?"

"अगं, हे फक्त डोळ्यांसाठी..."

"कळलं."

सकाळच्या बसनं ती घनसावंगीला माहेरी गेली. दादा तिला आणायला गेला तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. नंतरही आमच्याकडे कधी आली नाही.

साडी दुकानदारानं परत घेतली नाही. घडी मोडलेली होती.