कुलपाची आंघोळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

सेनगावात बसस्टँडजवळ आमचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. काय दिवस होते ते! लग्नसराईत शाईचा वास साडीला चिकटून घरी यायचा. आमचे हे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचे, मी पत्रिका दुमडायची, मांडीवर आमचा गोट्या. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर साऱ्या बाजारात कॉपी केलेलं; ह्यांनी एकट्यांनी विकत घेतलं, पावती देवाच्या फोटोखाली चिकटवली. "चोरीच्या अक्षरांनी कुणाचं लगीन लावायचं न्हाई," म्हणायचे. मी चिडवायची, पण मनातून मला केवढा अभिमान!

त्या सॉफ्टवेअरसोबत पेनड्राइव्हसारखं दिसणारं, बोटाएवढं एक कुलूप आलं होतं. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलं तरच काम चालायचं. जरा हललं की पडद्यावर लगेच चौकशी — कुलूप कुठाय? फुकट्यांचं बिनबोभाट चाललेलं, आणि विकत घेणाऱ्याची घडीघडी झडती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? तरी हे रोज संध्याकाळी ते कुलूप जपून डबीत ठेवायचे.

एका खंडेनवमीला हे पत्रिका पोचवायला आखाडा बाळापूरला गेले होते. दुकानातली पूजा मी एकटीनेच केली. कॉम्प्युटरला पाणी लावू नये, एवढं मला कळत होतं — नुसतं कुंकू लावलं. पण ते कुलूप? दुकानाचा सगळा जीव त्यात. ताम्हनात ठेवलं, देवाला घालतात तशी आंघोळ घातली — आधी दुधाने, मग पाण्याने. पदराने पुसलं, हळदकुंकू वाहिलं. किती मनापासून केलं होतं मी!

दसऱ्यानंतर दुकान उघडलं, तर कुलूप सापडतच नाही म्हणून पडदा अडून बसला. कुलूप कुरियरने कंपनीकडे गेलं. मग कंपनीचा फोन आला — आत पाणी गेलंय, बदलून मिळणार नाही. तुम्ही लोक नक्कल करायला कुलूप उघडता आणि वर तक्रार करता. ह्यांचा चेहरा पडला. फोनवर हात ठेवून मला विचारलं, "पूजा तूच केली ना? पाणी लागलं व्हतं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

कशाची भीती होती मला? हे कधी हात उचलणारे नव्हते. वेंधळी ठरेन, एवढीच ना? ह्यांनी माझ्या कडेवरच्या गोट्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोनवर म्हणाले, "लेकराची आन घेऊन सांगतो, पाण्याचा थेंब लागला न्हाई." आणि मी — त्याची आई — तोंड मिटून उभी राहिले.

त्याच आठवड्यात ह्यांनी शेजारच्या दुकानातून कॉपी आणून टाकली. पावती स्वतःच खरवडून काढली. पुढे गोट्याला साधा ताप आला तरी मी रात्रभर देवापुढे बसायची, आणि तरीही मी बोलले नाही.

आता दुकान नाही. गोट्या पुण्यात नोकरीला आहे, सुखरूप आहे. पण घरी पाहुणा आला की चहा घेताना हे अजून तेच सांगतात — "विकत घेऊन चोर ठरलो बगा. इचारा हिला, ही व्हती तिथं." पाहुणे माझ्याकडे बघतात, आणि मी मान हलवते. परवाही हलवली.