न कलणारी गाडी

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, छातीखाली काहीच कळत नव्हतं. द्राक्षाच्या मांडवाची तार ओढताना ते शिडीवरून पाठीवर पडले आणि मणक्याचं जे व्हायचं ते झालं. भेटायला येणारे म्हणायचे, "हात तरी शाबूत राहिले, देवाची कृपा." माझ्या डोक्यात तिडीक जायची. चालणं सोडाच, त्या माणसाला नीट बसताही येत नव्हतं. उशा लावून बसवलं तर बसायचे, पण स्वतःला सावरायची ताकद कमरेत नव्हती. जरा कलले की गेले त्या बाजूला.

घरी एक जुनी जीप होती. दिंडोरीहून नाशिकला दवाखान्यात न्यायचं तर गडी गाडी चालवायचा आणि मागच्या बाकावर त्यांच्या एका बाजूला मी बसायचे, दुसऱ्या बाजूला माझा मोठा भाऊ. दर वळणाला ते आमच्यापैकी एकाच्या अंगावर यायचे. एकदा दादानं उपरण्यानं त्यांना बाकाला बांधायचं काढलं. अण्णा म्हणाले, "मी काय पोतं हाय का?" दादानं उपरणं परत खांद्यावर टाकलं.

दवाखाना सोडला तर त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. आमचा माल पिंपळगावच्या पॅकहाउसला जायचा. पूर्वी हंगामात अण्णा रोज सकाळी तिथे हजर असायचे. व्यापाऱ्यानं क्रेटमधून घड उचलला की अण्णा त्यातला एक मणी दोन बोटांत दाबून बघायचे, मग भाव सांगायचे, आणि त्यावर फारशी घासाघीस व्हायची नाही. आता दादा जायचा. संध्याकाळी अण्णा त्याच्या खनपटीला बसायचे, साल कशी होती, देठ हिरवा होता का, व्यापाऱ्यानं तोंड वाकडं केलं का. दादाला धड काही सांगता यायचं नाही. तो बागेतला माणूस, बाजारात त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. अण्णा मग भिंतीकडे बघत पडून राहायचे. मला वाटायचं, हे असंच चाललं तर हा माणूस संपणार.

दोन हजार साल उलटून बरीच वर्षं झाली होती. जवळच्या एका वायनरीत आलेला परदेशी साहेब गाशा गुंडाळून मायदेशी निघाला आणि त्याची जुनी विलायती जीप दादानं घेतली. मी तोंडावर म्हटलं, "हा पांढरा हत्ती कशाला दारात?" दादा म्हणाला, "ती वळणावर कलत नाय."

साहेबानं त्याला बॉनेट उघडून दाखवलं होतं. इंजिनच्या पट्ट्यावर एक जादा पंप होता. तो तेल दाबून खाली चाकांजवळच्या दांड्यांपर्यंत न्यायचा. गाडी वळली की तेलाच्या जोरावर त्या दांड्या तिला सरळ धरून ठेवायच्या. मला यातलं अर्धंच कळलं आणि विश्वास तर अजिबात बसला नाही.

मी तेव्हा नाशिकला शाळेत शिकवत होते आणि शनिवारी घरी यायचे. गाडी आल्यावरच्या पहिल्याच शनिवारी अण्णांना पुढच्या सीटवर बसवून मीच ती काढली. पहिलं वळण आलं आणि सवयीनं माझा डावा हात त्यांच्या छातीपुढे गेला. "हात काढ," अण्णा म्हणाले. ते ताठ बसले होते. कुणी धरलेलं नव्हतं, कुठे बांधलेलं नव्हतं. मला रडू फुटलं. अण्णा म्हणाले, "रस्त्याकडं बघ."

पुढचे दोन हंगाम अण्णा पिंपळगावला गेले. एरवी दादा न्यायचा, शनिवारी मी. गाडी पॅकहाउसच्या दाराशी लावायची, काच खाली करायची, की व्यापारी क्रेट घेऊन खिडकीशी यायचे. अण्णा मणी दाबायचे आणि भाव सांगायचे. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. खिडकीतून बघणाऱ्याला त्यांच्यात काही कमी आहे हे कळायचंही नाही. घरी आले की आईला म्हणायचे, "वाढ, लय भूक लागली." पडल्यापासून हे वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं.

मग एका शनिवारी मी आले तर गाडीखाली तेलाचं थारोळं. बाजूला आमच्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा डबा आणि नरसाळं. मी दादाला विचारलं, "हे तेल तू गाडीत टाकलंस?"

"टाकलं."

"साहेबानं वेगळं पातळ तेल सांगितलं होतं ना?"

"ते संपलं व्हतं. डॅशबोर्डवरचा दिवा लागला व्हता."

माझं तोंड सुटलं. काय वाटेल ते बोलले. ऑइल ते ऑइल, एवढीच अक्कल का तुला, फवारणीचा पंप आहे का हा. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती तरी मी थांबले नाही. दादानं डबा आणि नरसाळं उचलून ट्रॅक्टरजवळ नेऊन ठेवलं.

त्या जाड तेलानं आतले रबर फुगून फाटले होते. नाशिकला द्वारका चौकाकडच्या एका गॅरेजात गाडी नेली. सुटे भाग परदेशातून येणार, कधी ते सांगता येत नाही. मुंबईला दादानं फोनवर फोन केले. इकडे माल काढणीला आलेला. शेवटी मेकॅनिकनं आमच्याकडे सगळे करतात तेच केलं, बायपास. पंप काढला, आखूड पट्टा चढवला, नळ्यांची तोंडं बंद केली आणि डॅशबोर्डवरच्या दिव्याचा बल्बही काढून टाकला. "चालते गाडी," म्हणाला, "जरा कलेल एवढंच."

पण त्या दांड्यांना आता धरायला काहीच उरलं नव्हतं, त्या नुसत्या लोंबत होत्या. गाडी आमच्या जुन्या जीपपेक्षाही वाईट झाली होती, आणि हे आम्हाला घरून निघताना कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी अण्णांना शेजारी बसवून मी गाडी सावकाश नेत होते. अण्णांनी सीटच्या कडेला घट्ट धरलं होतं. पिंपळगावला पॅकहाउसकडे वळले आणि समोरून एक टेम्पो अंगावर आला. मी स्टिअरिंग फिरवलं. सगळी गाडी एका अंगावर झुकली आणि अण्णा माझ्यावर कोसळले. त्यांचं डोकं स्टिअरिंगवर आपटलं, हॉर्न वाजायला लागला आणि वाजतच राहिला. मला त्यांना एकटीला उचलता येईना. हमाल धावले, व्यापारी धावले. दार उघडून त्यांना ओढून सरळ केलं, त्यात त्यांना कायम लावलेली लघवीची पिशवी सुटली. सदरा, सीट, सगळं भिजलं. जो व्यापारी रोज क्रेट घेऊन खिडकीशी यायचा, तो खिशातला रुमाल काढून अण्णांच्या मांडीवर टाकत होता आणि दुसरीकडे बघत होता. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर ते त्या गाडीत बसले नाहीत. कुठल्याच गाडीत बसले नाहीत. डॉक्टर घरी यायला लागले. दादा संध्याकाळी भाव सांगायला खाटेशी जायचा, तर अण्णा म्हणायचे, "तुम्ही बघा." पाठीला जखमा झाल्या, जेवण सुटलं.

मी दादाशी बोलणं टाकलं. शनिवारी आले की एका घरात वावरायचं आणि निरोप वहिनीकरवी द्यायचे. हंगाम संपला, पाऊस झाला, छाटणी आली, तरी मी हट्टाला पेटलेली. एक दिवस अण्णांची जखम पुसताना माझा पारा पुन्हा चढला. म्हटलं, "त्या शहाण्यानं तेल टाकलं नसतं तर तुम्ही आज पिंपळगावला असता."

अण्णा पालथे होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"त्यानं नाय टाकलं," ते म्हणाले. "म्हणजे टाकलं त्यानंच. तो नको म्हणत व्हता. तिला विचारू, शनिवारपर्यंत थांबू, म्हणाला. मीच ओरडलो त्याच्यावर. मला सकाळी जायचं व्हतं."

मी जखम पुसून झाल्यावर हात धुतले आणि बागेत गेले. दादा कात्री घेऊन वेलीखाली उभा होता. मला येताना बघून त्यानं काम थांबवलं.

"अण्णांनी सांगितलं मला," मी म्हटलं. "तू का नाही बोललास इतके दिवस?"

"बोललो असतो तर तू त्यांच्याशी अबोला धरला असता," दादा म्हणाला. "मी काढले दिवस. त्यांच्याकडून निघाले नसते."