चिठ्ठीवर माझं नाव

पोराला फिटा येत्यात, हे आम्ही गावात कुणाला कळू दिलं न्हाई. लगीन जमायचं न्हाई, ही भीती. दौंडच्या डाक्टरला हातापाया पडून म्या सांगितलं, चिठ्ठीवर माझं नाव टाका. त्यांनी कुरकुर करत टाकलं. सून घरात आली, तिलाबी न्हाई सांगितलं. गोळी म्याच गुपचूप द्यायची.

मग बांधावरनं भावकीत मारामारी झाली आन् पोरगा जेलात गेला. आत घेताना तिथल्या डाक्टरनं इचारलं, काही आजार हाय का? त्यो म्हणाला, "न्हाई." सहीबी केली. आम्हीच तसं शिकवल्यालं.

म्या भेटायला गेले तवा त्याचं कपाळ फुटल्यालं, जीभ चावल्याली. बराकीतली म्हणायची, सोंग करतंय. म्या गोळ्या घिऊन गेले, तर गेटवरचा शिपाई म्हणाला, "मावशी, भायेरचं औषध आत जात न्हाई. डाक्टरसायबाला भेटा."

डाक्टर तरणा, पर शांत. चिठ्ठ्या बघून म्हणाला, "आजी, या तर तुमच्या गोळ्या."

"न्हाई वो, त्याच्या हायती."

"कागद तुमचा आहे. त्यानं आजार नाही म्हणून सही केलीय. तुमच्या कागदावर मी त्याला गोळी दिली आणि काही झालं, तर जाब मला द्यावा लागेल. मोठ्या दवाखान्यात तपासणीसाठी मी लिहितो, पण न्यायला पोलीस गार्ड लवकर मिळत नाही. कोर्टाचा आदेश आणा."

त्याचं खरं व्हतं. म्या वकील गाठून कोर्टात अर्ज टाकला.

शिरूरच्या कोर्टात तारखेला सारी भावकी बसल्याली. सून माझ्या शेजारी. वकिलानं मला उभं केलं. जज्जसायबांनी इचारलं, "मग चिठ्ठीवर तुमचं नाव कसं?"

"पोराचं लगीन जमवायचं व्हतं, सायेब. चूक माझी हाय."

मागनं भावकीतला एक हसला, "आता फिटांचं नाटक व्हय!"

तवर सून उठली. "नाटक न्हाई, सायेब. म्या त्यांचं डोकं मांडीवर धरून बसल्येय." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं व्हतं, आत्या. तुम्ही कवा सांगताय, वाट बघत व्हते."

सायबांनी तपासणीचा आदेश दिला. तरी गार्ड मिळंस्तवर आठ दिस गेले, त्यात त्याला आणखी एक फिट आली.

आता शिपाई रोज समोर उभा ऱ्हाऊन त्याला गोळी गिळायला लावतो. परवा भेटीला पोरगा मान खाली घालून म्हणाला, "आये, सगळ्या बराकीला कळलं."

म्हणलं, "कळू दे. पडलास तर धरतील तरी."