उजव्या कानातली कोंडाबाई

मागच्या रविवारी नांदेडला आमच्या घरी ऑडिओ इंटरफेस आला. म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी... माईक तिच्यात लावायचा, ती लॅपटॉपला लावायची, की आवाज स्टुडिओसारखा स्वच्छ रेकॉर्ड होतो, असं व्हिडिओत सांगितलं होतं. व्हिडिओत सगळंच सोपं असतं म्हणा.

हौस माझी, निमित्त आईचं. आई हळदीची गाणी म्हणते. अर्धापूरजवळच्या आमच्या गावात लग्न कुणाचंही असो, हळदीला गंगाबाईला बोलावणं यायचंच. आता हळदीलाही डीजे लागतो, आणि आई गुडघ्यांपायी गाव सोडून आमच्याकडे राहायला आलीय. तिची गाणी तिच्याबरोबर जाऊ नयेत, एवढंच माझ्या मनात होतं.

खोका उघडला तशी आई म्हणाली, "आधी हळदकुंकू लाव, मग वायरी खुपस." ट्रॅक्टर असो की मिक्सर, आमच्याकडे हळदकुंकवाशिवाय बटण दाबत नाहीत. लावलं. तरी लॅपटॉप पेटीला ओळखच दाखवेना... ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, काढलं, परत टाकलं. शेवटी वायर बदलली तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला.

"काय करून राहिलास सकाळपासून? तेवढ्यात एक लग्न लागलं असतं," आई म्हणाली.

मग तिने पदर नीट केला, माईकसमोर बसली, एक ओळ म्हटली... आणि थांबली. मला वाटलं, विसरली. पुन्हा म्हण म्हटलं. पुन्हा तीच ओळ, पुन्हा थांबली आणि माईककडे बघत राहिली.

"पुढचं म्हण की गं."

"आधी कुनी उचलंल तवा पुढं जाईन ना. एकटीनं कुठं असतं का हे?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हळदीचं गाणं एकटीचं नसतंच. एकीने ओळ टाकायची, दुसरीने तीच उचलून परत म्हणायची. तेवढ्यात पहिलीला दम घ्यायला मिळतो आणि पुढची ओळही आठवते.

आईची ओळ उचलायची ती कोंडाबाई. गावात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. नवरा गेल्यावर ती मुलाकडे शिरूर अनंतपाळला राहायला गेली, आणि त्यानंतर दोघींची भेट नाही.

जेवढं झालं तेवढं तरी ऐक म्हणून मी आईच्या कानाला हेडफोन लावला. तिने ऐकलं, मान हलवली, मग उजव्या कानावर बोट ठेवलं. "त्या कानात मी हाय. अन् ह्या कानात कोन न्हाई का?"

ही नवशिक्यांची नेहमीची गडबड. पेटीच्या पहिल्या भोकात माईक लावला की आवाज डाव्या कानातच जातो, एक सेटिंग बदललं की दोन्हीकडे येतो. ते बदलायला गेलो तर आईने हात धरला.

"ऱ्हाऊ दे. कोंडाबाय हिकडंच बसायची."

मी सेटिंग तसंच ठेवलं. आईला कुणाची एवढी आठवण येते हे तिने कधी दाखवलंच नव्हतं. नातीशी भांडते, सिरियल बघते, करमतं का विचारलं की "न करमायला काय झालं" म्हणते.

पेटीला दुसरं भोक होतं. बायकोचा जुना फोन शोधून काढला, त्याच्या हेडफोनच्या जागेतून त्या भोकात वायर जोडली, फोन आईसमोर ठेवला आणि कोंडाबाईच्या मुलाला फोन केला. त्याने फोन कोंडाबाईच्या हातात दिला.

"कोन? गंगाबाय? लई दिवसानं गं..."

आईच्या उजव्या कानात कोंडाबाई आली, आवाज एवढा मोठा की बाहेर मलाही ऐकू येत होता. आईने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दोघींना म्हणा म्हटलं.

आईने ओळ टाकली. कोंडाबाईने उचलली, पण फोनवरून ती येईपर्यंत उशीर व्हायचा... तोवर आई पुढच्या ओळीला लागलेली. दोघींचे आवाज एकमेकींच्या अंगावर पडले. दोघी थांबल्या, हसल्या, परत सुरू केलं, परत तेच.

"न्हाई जमत बाई फोनवर," शेवटी कोंडाबाई म्हणाली. "तू शेजारी पायजे. तुझा दम संपत आला की तुझा खांदा खाली येतो, तवा मी उचलते. हितून खांदा कुठं दिसतो?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता गाणं काही होत नाही म्हणून मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि स्वयंपाकघरात निघून गेलो. त्या मात्र किती तरी वेळ बोलत बसल्या होत्या.

एकही गाणं पूर्ण झालेलं नाही. फाईल काढून टाकणार होतो, पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आईच म्हणाली, "ते कालचं लाव की." तेव्हापासून रोज दुपारी लावतो. गाण्यापेक्षा तिला त्यांचं हसणं ऐकायचं असतं.

फाईलच्या शेवटी कोंडाबाई विचारते, "जेवलीस का गं?" मी नेमकं तिथेच बंद केलं होतं, त्यामुळे पुढे आईचं उत्तर नाही.

आई रोज ते देते. "हाव, जेवले. तू?"

येत्या रविवारी तिला घेऊन शिरूर अनंतपाळला निघतोय. गाण्यांचं नंतर बघू. आधी दोघींना एका सतरंजीवर बसवायचंय.