स्विचमध्ये भिंती घालणारे भाऊजी

आमच्या नणंदेच्या यजमानांइतका चौकस माणूस उभ्या सांगली जिल्ह्यात दुसरा नसेल. सैन्यातून निवृत्त होऊन ते कडेगावला परतले, तेव्हापासून मीटर बघायला येणाऱ्यालाही आधी त्याचं गाव, मग मामाचं गाव विचारत, आणि मगच मीटरकडे जाऊ देत. बुटांना पॉलिश केल्याशिवाय संगणकासमोर बसत नसत. समोरचा माणूस ढिला आहे हे मशीनला कळतं, असं त्यांचं म्हणणं. फौजेत तारा ओढल्या होत्या, संगणकाचं मात्र पुस्तकं वाचून शिकले होते. आणि हे सगळं घेऊन घरी नुसते बसून होते. त्यानं ते वाळत चालले होते.

मी तेव्हा कुपवाडला पंपांच्या कारखान्यात ऑफिस सांभाळत होते. डिझाइनची ड्रॉइंग इतरांच्या संगणकावर दिसू नयेत, असं मालकांच्या मनात होतं. साऱ्या संगणकांच्या तारा स्विच नावाच्या एका पेटीत येत. त्याच पेटीत गट पाडले, की एका गटाचं दुसऱ्याला दिसत नाही. ह्याला व्हीलॅन म्हणतात. मी भाऊजींचं नाव सुचवलं. जमलं तर कायमची नोकरी, नाहीतर पुण्याची माणसं बोलावू, असं मालकांनी सांगितलं.

कुठली तार कुठल्या विभागाची आणि कुठले विभाग एका गटात, ह्याची यादी मी करून दिली. ती घडी घालून खिशात ठेवून भाऊजी दोन दिवस कारखानाभर गप्पा मारत हिंडले. कोण कुणाशी बोलतं हे कळल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. त्यातून त्यांना कळलं, की स्टोअरचे आबा आणि डिस्पॅचचे नाना चुलतभाऊ आहेत. आबांच्या घरच्या एका लग्नात नानांना फेटा बांधायचा राहिला आणि तेव्हापासून दोघांचा अबोला आहे. भाऊजींनी त्यांना दोन वेगळ्या गटांत टाकलं.

सोमवारी स्टोअरच्या चिठ्ठ्या डिस्पॅचच्या संगणकावर उमटेनात. भरायचा ट्रक फाटकात उभा. मालक पुण्याचा नंबर शोधू लागले. मी भाऊजींना गाठलं, तर ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, ज्यांचं पटत न्हाई त्यांना एका खोलीत कशाला कोंडायचं?”

मी यादी खिशातून काढायला लावली. ते डिस्पॅचच्या कोपऱ्यातल्या स्विचला संगणक जोडून बसले, तोवर आबा हातानं लिहिलेली चिठ्ठी घेऊन स्वतःच आत शिरले. नानांनी मान वर केली नाही.

“किती नग?”

“चाळीस.”

नानांनी आकडा वहीत उतरवला. मग नाना म्हणाले, “बसा की आबा. उभं का?”

भाऊजींचा हात थांबला. “ह्ये जोडलं की आबा परत हिकडं यायचं न्हाईत,” ते मला हळूच म्हणाले.

मी म्हटलं, “भाऊजी, ट्रक उभा आहे.”

त्यांनी दोन्ही तारा एका गटात घेतल्या. चिठ्ठी उमटली, आबा उठून गेले, आणि मालकांनी पुण्याचा विषय सोडला.

नोकरी कायम झाली. पुढं भाऊजींच्या कामात मला कधी खोट सापडली नाही. फक्त दुपारी पोऱ्या चहा घेऊन आला, की ते आबांचा कप उचलून नानांच्या टेबलावर ठेवून येत. बरेच दिवस तो तिथं तसाच निवत राहिला. मग हळूहळू निवेनासा झाला.